ओढणाऱ्याची पारख

अलिबागच्या किनाऱ्यासमोर, भरतीच्या वेळीं पाण्यानें वेढला जाणारा आणि ओहोटीच्या वेळीं पायीं गांठतां येणारा कुलाबा किल्ला उभा आहे. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळांत, १६८० च्या सुमारास, त्याच्या बांधणीस आरंभ झाला आणि पुढें आंग्र्यांच्या आरमाराचें तें एक प्रमुख ठाणें बनलें. या किल्ल्यांत चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आजहि पाहावयास मिळतात. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतल्या लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचें नांव त्यांवर कोरलेलें आहे. किल्ला पाहावयास येणारा मनुष्य तोफेच्या तोंडाकडे पाहतो. तिच्या चाकांकडे क्वचितच पाहतो. परंतु तोफ कितीहि मोठी असली तरी हवी तेथें नेतां आली नाहीं, तर ती केवळ लोखंडाचा ओंडका होय. तोफ ओतणाऱ्याचें नांव तोफेवर राहिलें. तिला ओढणाऱ्याचें नांव कोठेंच राहिलें नाहीं.

ओढणाऱ्याची इतिहासानें अशी उपेक्षा केली असली, तरी ज्यांना ओझें हलवावयाचें होतें त्यांनीं ती कधींच केली नाहीं. कोणत्या जनावरावर, कोणत्या यंत्रावर विश्वास ठेवावा याचा विचार त्यांनीं पिढ्यानुपिढ्या केला आहे. त्यांतहि नवें कोरें साधन घेण्याची ऐपत फार थोड्यांची. बहुतेकांना दुसऱ्याच्या हाताखालून आलेलें जनावर, किंवा दुसऱ्याच्या हाताखालून आलेली गाडीच घ्यावी लागते. बैलबाजारापासून आजच्या जुन्या पिकअप गाडीपर्यंत ही पारख कशी घडत आली, हें पाहणें केवळ मनोरंजक नाहीं. एखाद्या घरची सारी पुंजी, आणि कित्येक वेळां माणसाचा जीवहि, या पारखेवर अवलंबून असतो.

पेशवाईंत मोठ्या तोफा बैलांच्या अनेक जोड्या लावून ओढीत नेल्या जात. अशा तोफा बरोबर असल्या म्हणजे सैन्याची मजल घोडदळाच्या टापांवर न ठरतां या बैलांच्या पावलांवर ठरे. अष्टागरांतील गृहस्थाचा बैलाशीं संबंध अर्थातच शांततेचा होता. चौल, नागांव, आक्षी या पट्ट्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्यांना रहाटानें पाणी मिळे. रहाट फिरविणें, भाताचीं पोतीं बंदरावर पोंचविणें, लांकूड ओढणें हीं सारीं कामें बैलाचींच. आणि बैल विकत घेणें म्हणजे बहुधा वापरलेला बैलच विकत घेणें होय; कारण जुंवाची संवय नसलेलें जनावर घरीं आणून शिकविण्यास सर्वांनाच सवड कोठून असणार?

बाजारांत बैलाचें तोंड उघडून प्रथम दांत पाहिले जातात. दोनदाती, चौदाती, सहादाती आणि जुळलेला, अशा पायऱ्यांनीं त्याचें वय ओळखलें जातें. परंतु जाणता शेतकरी दांतांवर थांबत नाहीं. दांतांवरून वय कळतें, काम कळत नाहीं. म्हणून तो हात खांद्यावर नेतो. जुंवाखालची कातडी जाड झाली आहे काय, सूज किंवा जुनी जखम आहे काय, स्पर्श करतांच जनावर अंग चोरतें काय, हें तो पाहतो. मग खूर. नाशिक आणि ठाणें जिल्ह्यांच्या डोंगराळ, अतिपावसाच्या भागांत डांगी जातीच्या बैलांना मान मिळाला, तो त्यांच्या काळ्या, टणक खुरांमुळें आणि पावसांत टिकणाऱ्या तेलकट कातडीमुळें. घाटावर देखणा दिसणारा बैल कोंकणच्या चिखलांत टिकेलच असें नाहीं, हें शहाणपण त्यांतून आलें. शेवटीं बैलाला चालवून, बसवून, उठवून आणि शक्य तर भरल्या गाडीला जुंपून पाहिलें जाई. सौदा मात्र रुमालाखालीं बोटें धरून होई, म्हणजे चौघांस भाव कळूं नये.

या साऱ्या पद्धतीचें सार असें सांगतां येईल कीं, ओढणाऱ्याचें वय त्याच्या दांतांत असतें, त्यानें भोगलेलें ओझें खांद्यांत असतें आणि त्याचें उरलेलें आयुष्य खुरांत असतें. पुढें जनावराच्या जागीं यंत्र आलें. पण हे तीन प्रश्न बदलले नाहींत. त्यांत चौथ्या प्रश्नाची भर मात्र पडली, आणि ती घाटानें घातली.

१८३० सालीं बोरघाटांतून चाकांच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला, आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. लोहमार्गाचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका ठेवावा लागला. चढतांना एका इंजिनाचें बळ पुरत नाहीं, म्हणून कर्जतेस गाडीला मागून जादा इंजिनें लावण्याचा प्रघात पडला. तो आजहि चालू आहे. त्याहून कठीण गोष्ट उतरण्याची होती. सुटलेली गाडी चढावर वळवून थोपविण्यासाठीं निराळे मार्ग घाटांत राखावे लागले. ओढण्याचें सामर्थ्य आणि आवरण्याचें सामर्थ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा इंजिनियरांनीं येथें पक्का केला. जो ओझें ओढतो, त्याला तें आवरतांहि आलें पाहिजे. हाच तो चौथा प्रश्न.

अलिबाग या लोहमार्गापासून दूर राहिलें. यंत्रशक्तीच्या या दूरपणाचा शास्त्राला मात्र एक लाभ झाला. मुंबईंत विजेच्या ट्राम गाड्या सुरू झाल्या म्हणजे तेथील कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय उपकरणांना व्यत्यय येईल, हें ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या उपकरणांच्या इमारतींत लोखंडाचा अंशहि येणार नाहीं याची दक्षता घेतली गेली. अलिबागचा मुंबईशीं व्यवहार मुख्यतः रेवस आणि धरमतर या बंदरांच्या वाटेनें चाले. बैलगाड्या बंदरापर्यंत आणि पुढें आगबोट. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. कुलाबा जिल्ह्याला समुद्राच्या वाटेचें भय नवें नव्हतें. पण त्या दिवसाची आठवण या किनाऱ्यावरून पुसली गेली नाहीं.

याच सुमारास रस्त्यांवर एक नवा ओढणारा येऊन पोंचला होता. तो महायुद्धांतून आला होता. १९३९ ते १९४५ या काळांत दोस्त राष्ट्रांनीं मोटारींचें जें उत्पादन केलें त्याला जगांत पूर्वींचें उदाहरण नव्हतें. अमेरिकेचा ‘अडीच टनी’ जीएमसी ट्रक पांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झाला, आणि छोटी जीप सहा लाखांहून अधिक. तोफा, दारूगोळा, पाण्याच्या टांक्या, बिघडलेल्या गाड्या, सारें कांहीं त्यांनीं ओढलें. युद्ध संपतांच हिंदुस्थानांतील छावण्यांत आणि आगारांत उभ्या असलेल्या अशा हजारों गाड्या सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत विक्रीस निघाल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठींत रुळला तो तेव्हांपासून. आणि बैलाची पारख जाणणाऱ्या समाजापुढें प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या मोटारीची पारख करण्याचा प्रसंग आला.

त्या गाड्यांपाशीं गिऱ्हाइकाला फसविणाऱ्या दोन गोष्टी होत्या. पहिली गोष्ट त्यांच्या नांवाची. सैन्याच्या परिभाषेंत ‘अडीच टनी’ म्हणजे रस्ता नसलेल्या जमिनीवरून अडीच टन नेणारी गाडी. चांगल्या सडकेवर तोच ट्रक पांच टनांपर्यंत नेऊं शके. जीप तशीच ‘पाव टनी’. हा आंकडा हात राखून दिलेला होता. जो घेणारा तें समजला, त्याची गाडी वर्षानुवर्षें टिकण्याचा संभव होता. ज्यानें पांचाचे सहा-सात टन केले, त्यानें तिचा खांदा मोडला.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे कमी धांव. आगारांत उभी राहिलेली गाडी थोडे मैल गेलेली असे आणि म्हणून ती नवीच भासे. पण ऊन-पावसांत उभ्या राहिलेल्या यंत्राचें रबर कडक होतें, ब्रेकच्या नळ्या गंजतात, टांकींत पाणी सांचतें. धांवून झिजणें आणि उभें राहून कुजणें या दोहोंत दुसरें अधिक लपतें. शिवाय अमेरिकन गाड्यांचें सुकाणूं डावीकडे आणि हिंदुस्थानांत वाहतूकहि डावीकडून. त्यामुळें पुढच्या वाहनास ओलांडतांना चालकाला समोरचें दिसेना. पेट्रोल तर त्यांना भरपूर लागे. आणि ज्या देशानें युद्धकाळांत पेट्रोल मोजून वांटलें व कोळशाच्या वायूवर मोटारी चालविल्या, त्या देशांत ही गोष्ट लहान नव्हती.

तरीहि या जुन्या गाड्यांनीं एका पिढीला मोटारीचें शिक्षण दिलें. कुर्ल्यासारख्या ठिकाणीं सुट्या भागांचा बाजार वाढला. खोलून पाहणारे, जोडणारे, घडविणारे कारागीर तयार झाले. देशी कारखानदारीहि याच काळांतली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि कुर्ल्यास मोटारी व ट्रक जोडले जाऊं लागले. महिंद्रांनीं मुंबईस माझगांव येथें जीपची जोडणी हातीं घेतली. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या साहाय्यानें जमशेटपूर येथें डिझेल ट्रक काढण्यास आरंभ केला; आणि ओझें ओढण्याचा खर्च पेट्रोलच्या तावडींतून सुटला. डिझेल इंजिनाचा गुण असा कीं, तें संथ गतींतहि जोर धरतें. ओढणाऱ्याला पळण्याहून हाच गुण अधिक हवा असतो.

१९५८ सालीं फिरोदियांच्या पुढाकारानें बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. तिच्या तीन चाकी मालगाडीचें नांव इतकें रूढ झालें कीं, आज कोणत्याहि कंपनीची लहान मालगाडी मराठी माणसाच्या तोंडीं ‘टेम्पो’च असते. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ सालीं आली, त्यांची २०६ ही पिकअप १९८८ सालीं. पुढें महिंद्रांच्या पिकअप गांवोगांव पसरल्या. पुढें माणसांची खोली, मागें उघडा हौदा, अशी ही गाडी बैलगाडीची खरी वारसदार होय.

आजच्या अलिबागेंत या गाडीस काम पुष्कळ आहे. २०२० सालीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि किनाऱ्यावरची ये-जा वाढली. कोणास होडी ट्रॉलीवर घालून न्यावयाची असते, कोणास पाण्याची टांकी, कोणास विजेचें जनित्र, कोणास काँक्रीट कालविण्याचें यंत्र. एके काळीं पावसाळ्यापूर्वीं होड्या ओंडक्यांवरून, दोरखंड लावून, माणसांच्या खांद्यांनीं वाळूवर चढविल्या जात. आतां त्या कामासहि यंत्राचा खांदा शोधला जातो. आणि नवी गाडी परवडत नाहीं म्हणून जुनी पाहिली जाते. अशा वेळीं बैलबाजाराचे ते तीन प्रश्न आणि घाटानें घातलेला चौथा, असे चारहि प्रश्न पुन्हां पुढें उभे राहतात.

वय प्रथम. गाडीच्या मैलांचा आंकडा म्हणजे तिचे दांत होत. पण बैलाचे दांत सहसा खोटे बोलत नाहींत, हा आंकडा बोलूं शकतो. म्हणून तो ब्रेकच्या व क्लचच्या पायपट्ट्यांशीं, चालकाच्या आसनाशीं, सुकाणूंच्या झिजेशीं ताडून पाहावा. पायपट्टीचें रबर गुळगुळीत आणि आंकडा मात्र कोवळा, असें दिसल्यास तेथेंच सावध व्हावें.

मग खांदा. वाहून नेणें आणि ओढणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. हौद्यांतलें ओझें पाट्यांवर बसतें; मागें जोडलेलें ओझें चासीच्या मागच्या टोकाला, क्लचला आणि गिअरपेटीला खेंचतें. म्हणून गाडीखालीं शिरून चासीच्या दोन्ही पट्ट्या सरळ आहेत काय, हूक बसविलेल्या जागीं चिरा आहेत काय, पाट्यांच्या आधारांपाशीं नवें वेल्डिंग आहे काय, हें डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. समुद्रकांठीं याचें महत्त्व दुप्पट आहे. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड गंजतेंच. आणि जी गाडी मासळी वाहण्यास वापरली गेली, तिच्या चासीवर बर्फाचें खारट पाणी वर्षानुवर्षें गळलेलें असतें. वरून हौदा रंगवितां येतो, चासीवरहि ताजा काळा रंग फासतां येतो. पण लहान हातोडीनें ठोकतां घट्ट लोखंड खणखणतें आणि कुजलेलें बद्द वाजतें. देशावर राबलेली, अधिक धांवलेली पण कोरड्या हवेंतली गाडी पुष्कळ वेळां किनाऱ्यावरच्या कमी धांवलेल्या गाडीपेक्षां बरी ठरते, तें याच कारणानें.

तिसरे खूर, म्हणजे टायर आणि चाल. टायर एकाच कडेला झिजले असतील तर आंस किंवा चासी वांकडी असण्याचा संभव असतो. इंजिन थंड असतांनाच सुरू करून पाहावें. आधींच तापवून ठेवलेलें इंजिन पुष्कळ दोष झांकतें. निळा धूर तेल जळत असल्याचें सांगतो. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं क्षणभर आला तर चिंता नाहीं. पण राहून राहून येत राहिला तर इंजिनांत पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. काळा धूर इंधन पुरतें जळत नसल्याची खूण आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पुढें पाहण्याचें कारणच उरत नाहीं.

परंतु खरी परीक्षा ओझ्यासह. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहणें म्हणजे बैलाला गोठ्यांत उभा पाहणें होय. अलिबागकरांना यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. पेणच्या वाटेवरची कार्लेखिंड बोरघाटाएवढी मोठी नाहीं, पण तेवढी परीक्षा घेण्यास पुरेशी आहे. गाडी आणि तिच्यामागील ओझें मिळून ५ टन असेल आणि चढ दहांत एक असेल, तर केवळ तो चढ ५०० किलोग्रॅमच्या ओढीनें गाडीस मागें खेंचीत असतो. अशा चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गति वाढत नाहीं, आणि जळका वास येतो, तेव्हां क्लच संपत आला आहे. चढ संपल्यावर पाण्याच्या उष्णतेचा कांटा कोठें पोंचला हें पाहावें.

नंतर चौथा प्रश्न, उताराचा. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास अंतर चौपट लागतें. मागच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचें सारें वजन पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येतें. सतत दाबून तापलेला ब्रेक ऐन वेळीं ढिला पडतो. म्हणून खालच्या गिअरांत इंजिनानेंच गाडी आवरली जाते काय, हें उतारावर पाहावें. ओझें कसें रचावें हेंहि जुन्या गाडीवानास ठाऊक होतें. मागें जड झालेली बैलगाडी ‘उलाळ’ होते, धुरा वर उचलते आणि बैलाच्या गळ्यास फांस बसतो. पुढें फार जड झाली तर खांदा दुखावतो. ट्रॉलीचेंहि तसेंच. तिच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हुकावर यावा. मागें जड झालेली ट्रॉली वेगांत शेंपटीसारखी हेलकावूं लागते आणि पुढची गाडी रस्त्याबाहेर ओढून नेते.

याखेरीज बैलबाजारांत नव्हती अशी एक गोष्ट आतां आहे, ती म्हणजे कागद. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याची जागा १९८८ च्या कायद्यानें घेतली. त्याप्रमाणें विकत घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत मालकी आपल्या नांवें करण्यासाठीं अर्ज केला पाहिजे. रायगड जिल्ह्याच्या या भागांतील गाड्यांची नोंद पेणच्या कार्यालयांत होते. चासीवरचा क्रमांक नोंदणीपत्राशीं जुळवावा. रिकामें वजन आणि भारासह वजन तेथेंच लिहिलेलें असतें. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, वाहन योग्यतेचें प्रमाणपत्र चालू आहे काय, विमा आपल्या नांवें होईल काय, आणि ट्रॉलीचीहि स्वतंत्र नोंद आहे काय, हें पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तिची योग्यता-तपासणी दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं व्हावी असा नियम झाला. त्या तपासण्यांची मालिका अखंड असणें हीच जुन्या गाडीची उत्तम शिफारस.

बैलबाजारांत भाव रुमालाखालीं झांकला जाई, पण बैल उघड्यावर उभा असे. आज भाव उघड सांगितला जातो आणि गाडीचें पूर्वचरित्र रंगाखालीं झांकलेलें असतें. रुमाल तोच, फक्त जागा बदलली. तो उचलून पाहण्यास धनाढ्यता लागत नाहीं. हातोडी, एक ओळखीचा मिस्त्री आणि अर्धा दिवसाचा धीर लागतो. ओझ्यासह चढवून पाहावें, ओझ्यासह उतरवून थांबवून पाहावें, आणि मगच विसार द्यावा.